हरवलं तर हलायचं नाही

शाळेचा कागद हातात आला तेव्हा आप्पांनी तो आधी चारी बाजूंनी फिरवून पाहिला. त्यांचा इलाज नव्हता. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात जन्म काढलेला माणूस लग्नाची पत्रिका आली तरी आधी उत्तर दिशा शोधतो. या कागदाला उत्तर दिशा नव्हती. वर एक हसणारा सूर्य होता, आणि त्या उन्हाळ्यात हसण्यासारखं सूर्याला काय दिसलं होतं ते त्यालाच ठाऊक. सूर्याखाली लिहिलं होतं, 'चला ओळखू या आपलं शहर! बालवर्गात येणाऱ्या छोट्या दोस्तांसाठी सुट्टीतले उपक्रम.'

पोस्ट बघा, आगीचे बंब बघा, बसने फिरा, हरवलं तर काय करायचं ते शिका, असं करत करत आप्पा शेवटच्या ओळीला पोचले. 'रुग्णालयाला भेट द्या. तिथली माणसं आपल्याला कशी बरी करतात?' आप्पांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि सुनेला म्हणाले की उपक्रम ठीक आहेत, फक्त शेवटचा जरा अनावश्यक वाटतो.

आता ही अडचण काय होती ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं म्हातारचळ वाटेल. थोडंफार होतंही. मिरी ही आप्पांची नात. अंगाने मिरीएवढी आणि जिभेनेही तशीच, म्हणून आजीने ठेवलेलं नाव. आईबाप दोघं कामाला जाणारे, त्यामुळे मिरी वाढली ती आजीच्या पदराखाली. आजी हिवाळ्यात हॉस्पिटलात गेली आणि परत आली नाही. त्या दिवशी सकाळी मिरी उठली, सगळ्या खोल्या फिरून आली आणि आप्पांसमोर उभी राहून तिने विचारलं की आजी कुठे आहे. आप्पा नुकतेच हॉस्पिटलातून घरी आले होते. पायात चपला तशाच. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हॉस्पिटलात आहे. बरी झाली की येईल."

पाणीपुरवठा खात्यात याला तात्पुरती जोडणी म्हणतात. रस्ता खणायला वेळ नसला की वरून एक नळी टाकायची आणि पक्कं काम नंतर करू म्हणायचं. अशा तात्पुरत्या जोडण्या पुढे पिढ्यान् पिढ्या कशा चालतात, हे आप्पांइतकं त्या शहरात कुणालाच माहीत नव्हतं.

झालंही तसंच. घरात सगळ्यांनी ती नळी चालू ठेवली. आजीचा फोटो कपाटात गेला. भेटायला येणाऱ्यांना जिन्यातच गाठून सांगितलं जाई की लहान मुलीसमोर काही बोलू नका, त्यामुळे येणारे आत येऊन अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारत आणि जाताना जिन्यात डोळे पुसत. मिरी मधूनमधून विचारी. आप्पा म्हणत, अजून बरी नाही झाली. असं म्हणताना त्यांना क्षणभर बरं वाटे, आणि तीच सगळ्यात वाईट गोष्ट होती.

शेवटी सूनबाईने विषय काढला. ती बँकेत होती आणि थकबाकी फार दिवस ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. "आप्पा," ती म्हणाली, "शाळेत बाई विचारणार, घरी कोण कोण असतं. ही सांगणार, आजी हॉस्पिटलात आहे. मग कुणीतरी चार मुलांसमोर तिला खरं काय ते सांगून टाकेल. त्याआधी आपण सांगायला हवं." 'आपण' म्हणताना ती आप्पांकडेच बघत होती. मुलगा सदा फिरतीवर. तो फोनवरून म्हणाला की सुरुवात तुम्ही केलीत तर शेवटही तुम्हीच केलेला बरा. शाळा उघडायच्या आत सांगतो, असं आप्पांनी कबूल केलं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ मुदती दिल्या होत्या. स्वतःवर आली तेव्हा त्यांना मुदतीचा खरा अर्थ कळला.

शेजारपाजारी सल्ल्याची कमतरता नव्हती. शेजारचे हेडमास्तर, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, पण हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं, म्हणाले की बालमनाला निसर्गातून समजवावं. झाडाचं वाळलेलं पान दाखवायचं, की पोराला आपोआप समजतं. आप्पांनी पान आणलं. मिरीने ते निरखून पाहिलं, कागदावर डिंकाने चिकटवलं, खाली दोन पाय काढले आणि आप्पांना भेट दिलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आप्पांची वाटही पाहिली नाही. मिरीला जिन्यात अडवून त्यांनी सांगितलं की आजी आता आकाशात तारा झाली. मिरीने त्यांना शांतपणे समजावलं की तुमचं काहीतरी चुकतंय, ती हॉस्पिटलात आहे, आप्पांनी स्वतः सांगितलंय. काकू तोंडात मारल्यासारख्या वर निघून गेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, काहीच करू नका, आपोआप मिटेल. गच्चीवरची टाकी गळते त्यावरही त्यांचं हेच म्हणणं होतं, आणि टाकी अजून गळत होती.

मग आप्पांनी आपल्या पद्धतीने जायचं ठरवलं. आधी शहर शिकवू, एकेक उपक्रम उरकू, मुलीला जरा जगाची समज आली की तो विषय आपसूक निघेल. आपसूक या शब्दावर माणसाची किती भिस्त असते.

शहर शिकवायचं तर नकाशा हवा. भिंतीवरचा नकाशा पोराला कळत नाही, त्यावर चालता यायला हवं, या विचाराने आप्पांनी बाहेरच्या खोलीतला सोफा उभा करून भिंतीला लावला आणि फरशीवर शहर काढायला घेतलं. खडू पुसला जातो. म्हणून ऑइलपेंट. सूनबाई संध्याकाळी दमून आली तेव्हा आप्पा गुडघ्यांवर होते, मिरी डबा धरून बसली होती आणि खोलीभर बोटाएवढ्या जाड निळ्या रेघा पसरल्या होत्या.

"हे रस्ते का?" तिने दारातूनच विचारलं.

"रस्ते नंतर," आप्पा म्हणाले. "या मुख्य जलवाहिन्या."

हे कधी पुसणार, असं तिने विचारल्यावर आप्पा अभिमानाने म्हणाले की पुसलं जाणारच नाही, आणि वाक्य पुरं झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. सूनबाई चपला हातात घेऊन शहर ओलांडून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून शहर बघायला माणसं येऊ लागली. सेक्रेटरींनी विचारलं की फरशीत अंतर्गत बदल करायला सोसायटीची परवानगी घेतली का, आणि घेतली नसेल तर निदान आपली इमारत तरी जरा मोठी दाखवा. हेडमास्तरांना त्यांची शाळा सापडेना. तिथून फक्त एक पाऊण इंची लाइन जाते, असं आप्पांनी सांगितल्यावर ते दुखावले आणि पुढचे काही दिवस वर्तमानपत्र मागायलाही आले नाहीत. मिरी मात्र सबंध शहरभर अनवाणी फिरली. फिरून झाल्यावर तिने विचारलं, "हॉस्पिटल कुठे आहे?"

आप्पा म्हणाले की जागा संपली. जेवणाच्या टेबलाखाली आख्खा एक वॉर्ड रिकामा पडला होता, तो दोघांनाही दिसत होता. आपला मेणाचा खडू घेऊन मिरी टेबलाखाली शिरली, तिथे तिने एक वाकडातिकडा चौकोन काढला आणि चौकोनात आजीच्या चष्म्याचं घर आणून ठेवलं. तपकिरी, कडेला शिवण उसवलेलं. आप्पा ते हिवाळ्यापासून शोधत होते. आता रोज जेवायला बसताना त्यांना पाय जपून ठेवावे लागत, आणि जेवण जाईनासं झालं.

म्हणून तर ते घराबाहेर पडले. पोस्ट लवकर उरकलं, कारण खिडकीवरचा माणूस जागेवर नव्हता आणि तो कुठे गेलाय हे माहीत असलेला माणूसही जागेवर नव्हता. मिरीने त्यातून जे घ्यायचं ते घेतलं. घरी येऊन ती स्टुलामागे बसली आणि आईने पाणी मागितल्यावर म्हणाली, "उद्या या."

बंबखान्याचं प्रकरण मोठं होतं. तिथे म्हणे मुलांना आत न्यायला लेखी परवानगी लागते. आप्पांना यात गैर काही वाटलं नाही. जन्मभर त्यांनी लोकांना अर्जच करायला सांगितलं होतं. त्यांनी अर्ज लिहिला. तो मुख्य कार्यालयात गेला, तिथून विभाग कार्यालयात आला, तिथल्या बाई म्हणाल्या की सहलीचं काम आमच्याकडे नाही. शेवटी ज्या साहेबांसमोर आप्पा उभे राहिले ते साहेब एके काळी त्यांच्याच हाताखाली पेन्सिलींना टोक करायचे. साहेबांनी वर न बघता विचारलं, "आजोबा, काय काम आहे?" आप्पांनी नातीसमोर कसंबसं हसून घेतलं. जिना उतरताना मिरीने विचारलं की ते तुला ओळखतात का. आप्पा म्हणाले, पूर्वी ओळखायचे.

मग परवानगीशिवायच ते बंबखान्यात गेले. तिथले प्रमुख आग नसल्यामुळे कंटाळून बसले होते. त्यांनी मिरीला उचलून बंबाच्या पुढच्या सीटवर बसवलं, डोक्यावर शिरस्त्राण ठेवलं, त्यात ती हनुवटीपर्यंत बुडाली. आप्पांनी तेवढ्यावर घरी यायला हवं होतं. पण भिंतीवर नकाशा होता. रस्त्याच्या कडेचे ते बुटके लाल नळ, ज्यांना बंबाची नळी जोडतात, ते सगळे नकाशावर मांडले होते. आप्पांनी चष्मा पुसला आणि एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले की चपलांच्या गल्लीतला हा नळ तुम्ही चालू दाखवलाय, पण तो मेलेल्या लाइनवर आहे. उद्या तिथे आग लागली तर थेंबही मिळणार नाही. तिथल्या जलवाहिन्यांचा नकाशा मी स्वतः काढलाय.

प्रमुख दचकले. माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. बंब निघाला, मिरी शिरस्त्राणासकट पुढे, आप्पा तिच्या शेजारी ताठ बसलेले. निवृत्तीनंतर इतके ताठ ते बसलेच नव्हते. गल्लीत माणसं जमली. जवानाने नळाला पाना लावला, फिरवला. काहीच आलं नाही. आप्पा वळून जमलेल्या लोकांकडे बघत म्हणाले, "बघा."

लोकांनी बघितलं. आधी जमिनीतून घशात काही अडकल्यासारखा आवाज आला, मग तांबडं पाणी, आणि मग पाण्याचा असा लोट सुटला की समोरच्या दुकानाच्या मांडणीवरच्या चपला बायकामुलांसकट, म्हणजे बायकांच्या आणि मुलांच्या, गल्लीतून वाहत निघाल्या. पाना अडकला होता, नळ बंद होईना. मिरी बंबातून टाळ्या वाजवत ओरडली, "आप्पा, आहे पाणी!"

दुकानदार काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. आप्पा धोतराचा काचा मारावा तसे विजारीचे पाय वर दुमडून गुडघाभर पाण्यातून चपला गोळा करत होते, आणि डावीला उजवी मिळेना. प्रमुख भला माणूस. त्याने आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लाइन नंतर बदलली असेल, आजोबा. तुम्हाला कुणी कळवलं नसेल." या वाक्याने आप्पांना दुकानदाराच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. इतके दिवस आपण आत्मविश्वासाने चुकीचं सांगत होतो, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी आपल्याला सांगितलं नाही. घरी येताना ओल्या विजारीत चालत त्यांनी बऱ्याच वेळा मिरीकडे बघितलं. पण ती इतकी खूष होती की त्यांनी तो दिवसही जाऊ दिला.

यानंतर त्यांनी ठरवलं की आता फक्त घरात बसून शिकवण्यासारखे उपक्रम. 'हरवलं तर काय करायचं' हा त्यातला सगळ्यात निर्धोक. फरशीवरच्या शहरात ते मिरीला बाजारात उभं करत, स्वतः स्वयंपाकघरात जाऊन लपत आणि तिथून ओरडून विचारत, "हरवलीस. आता काय करायचं?"

"जिथे आहे तिथेच उभं राहायचं," मिरी म्हणे. "हलायचं नाही. आपलं माणूस न्यायला येतं."

"कुणी दुसऱ्याने बोलावलं तर?"

"तरी हलायचं नाही."

तिला हा खेळ फार आवडला. आप्पा विसरून वर्तमानपत्र वाचत बसले तरी ती बाजारात उभीच असे. एकदा सूनबाई येऊन बघते तो पोर भिंतीला तोंड करून उभी आणि आप्पा आतल्या खोलीत घोरतायत.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले. सूनबाई रोज संध्याकाळी आल्यावर आप्पांकडे बघे, आप्पा मान हलवत, ती आत जाई. राहिलेला बसचा उपक्रम तरी उरकावा म्हणून आप्पा मिरीला घेऊन बसने बाजाराकडे निघाले. स्टॉपवर आप्पा आधी उतरले, मिरीचं बोट धरून तिला खाली घेणार, तेवढ्यात समोरून चपलांचा दुकानदार येताना दिसला. आप्पांनी आयुष्यात मोठमोठ्या अधिकाऱ्यांना तोंड दिलं होतं. पण त्या क्षणी त्यांनी बोट सोडलं आणि बसच्या मागे जाऊन वाकले. तिथून ते प्लास्टिकच्या बादल्यांच्या ढिगाआड सरकले. दुकानदार गेला असेल अशा अंदाजाने बाहेर येऊन बघतात तो माणसांचा असा लोंढा की बसही दिसेना, आणि मिरी नाही.

स्वतःच शिकवलेलं सगळं ते विसरले. जिथे होते तिथे थांबायचं सोडून ते आधी फळवाल्यांकडे धावले, मग कापडाच्या दुकानांकडे, मग परत. एवढीशी, लाल फ्रॉक, असं ते दिसेल त्याला सांगत सुटले. कापडवाल्याने भोंग्यावरून पुकारलं तेव्हा फ्रॉकऐवजी लाल टोपी सांगितली गेली आणि कुणाचा तरी वेगळाच मुलगा पकडून आणला गेला. रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या, भोंगे वाजत होते, पलीकडे जाता येईना. आप्पांनी चौकातल्या पोलिसाची बाहीच धरली. माझी नात हरवलीय आणि हा रस्ता तुम्ही मोकळा करत नाही, असं ते रडकुंडीला येऊन म्हणाले. पोलीस घामाने भिजला होता. तो म्हणाला, "कसा करू? एक पोरगी बसच्या पायरीवर उभी आहे, ती वरही जात नाही आणि खालीही येत नाही."

मिरी बसच्या पायरीवर दांडा धरून उभी होती. आप्पांनी बोट सोडलं त्याच जागी. कंडक्टरने समजावलं होतं, ड्रायव्हर येऊन गेला होता, उचलायला हात लावला की ती असा सूर काढी की बघणारे उचलणाऱ्यावरच धावून जात. चपलांचा दुकानदार तिच्या डोक्यावर वर्तमानपत्राची सावली धरून उभा होता. हीच ती बंबातली मुलगी, हे त्याने ओळखलं होतं. मागे तुंबलेल्या गाड्यांची रांग कुठपर्यंत गेली होती ते दिसत नव्हतं.

"मी हलले नाही," मिरी आप्पांना बघून म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते, पण ती रडली नव्हती.

कंडक्टर आप्पांना बरंच काही बोलला. उतारूंपैकी एक बाई म्हणाल्या की अशा माणसाकडे मूल सोपवतातच कसे. दुकानदाराने नुसतं वर्तमानपत्र घडी करून आप्पांच्या हातात दिलं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोघं चालत घरी निघाले. उन्हं उतरत आली होती. थोडं चालल्यावर मिरीने विचारलं, "आप्पा, आजीला हे माहीत आहे?"

"काय?"

"हरवलं तर हलायचं नाही ते."

आप्पा म्हणाले, "असेल."

"मग ती तिथेच उभी असेल," मिरी म्हणाली. "हॉस्पिटलात. आपण तिला न्यायला गेलोच नाही."

आता सांगायला हवं होतं. रस्ता रिकामा होता, कुणी ऐकणारं नव्हतं, विषय आपसूक निघाला होता. आप्पांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून आलं, "उद्या जाऊ." जुन्या नळीला आणखी एक नळी जोडून ते घरी आले.

सकाळी मिरी सगळ्यांच्या आधी तयार. हातात चष्म्याचं घर. आजीला चष्म्याशिवाय दिसत नाही, तिला वाट सापडली नसेल, असं तिने आईला सांगितलं. सूनबाईने हातातली पिशवी खाली ठेवली. मी रजा टाकते, मी येते बरोबर, असं ती म्हणाली. आप्पा म्हणाले, "नको. जोडणी मी केली, काढायचीही मीच."

हॉस्पिटलातला तो वास आप्पांना दारातच भेटला. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कुणाला भेटायचंय. आप्पांच्या आधी मिरीनेच टाचा उंच करून आजीचं पूर्ण नाव सांगितलं. आजीनेच तिच्याकडून पाठ करून घेतलेलं, हरवलीस तर उपयोगी पडेल म्हणून. बाईंनी नाव टाइप केलं, पडद्याकडे बघितलं, मग आप्पांकडे, मग त्या इवल्याशा हातातल्या चष्म्याच्या घराकडे. त्यांना सगळं कळलं असावं. "कॉम्प्युटर जरा हळू चाललाय," त्या हलकेच म्हणाल्या. "बाकावर बसता का?"

म्हणजे याही बाई नळी टाकायला तयार होत्या. सगळं जगच तयार होतं. आप्पा बाकावर बसले, मिरीला समोर उभी केली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मिरी, आजी इथे नाहीये."

"मग कुठे आहे?"

"कुठेच नाही. आजी मेली. हिवाळ्यातच. तू झोपली होतीस तेव्हा."

मिरी त्यांच्याकडे बघत राहिली. "तिला न्यायला कुणी आलं नव्हतं?"

"मी होतो ना. तिच्या शेजारीच होतो, तिचा हात धरून. ती हरवली नव्हती."

"मग तू एकटाच का आलास?"

याचं उत्तर आप्पा स्वतःच इतके दिवस शोधत होते. ते म्हणाले, "तू घरी होतीस म्हणून."

"तू म्हणालास बरी झाली की येईल."

"खोटं सांगितलं. मला खरं सांगता येईना."

मिरीने चष्म्याचं घर उघडलं, आत चष्मा आहे ना ते पाहिलं, परत बंद केलं. आजीला आता काही दिसतं का, असं तिने विचारलं. पान, तारा, सगळं आप्पांच्या ओठांवर येऊन गेलं. ते म्हणाले, नाही, दिसत नाही. पण दुखतही नाही. मग ती रडली, आणि आप्पाही रडले, हिवाळ्यापासूनचं सगळं एकदम, नाक पुसायला रुमाल नाही अशा अवस्थेत. खिडकीवरच्या बाईंनी येऊन पाण्याचा पेला ठेवला आणि त्या पाठ करून उभ्या राहिल्या.

येताना मिरीने आप्पांचं बोट धरलं नाही. चष्म्याचं घर पोटाशी धरून ती पुढे चालत राहिली आणि आप्पा मागून.

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेना. आईजवळ झोपे, आईला पुन्हा पुन्हा तेच विचारी. आजीचा फोटो कपाटातून बाहेर आला. टेबलाखालचा मेणाच्या खडूचा चौकोन मिरीने ओल्या फडक्याने पुसून टाकला. त्या सबंध शहरात तेवढंच काय ते पुसलं जाणारं होतं. हेडमास्तर म्हणाले, सांगायची पद्धत चुकली. काकू म्हणाल्या, तारा म्हणाला असतात तर निभावलं असतं. सेक्रेटरी म्हणाले, मी सांगत होतो. आप्पांनी फरशी घासायला घेतली. ऑइलपेंट चांगल्या प्रतीचा होता.

शाळा उघडली. सूनबाईची बँक, मुलगा फिरतीवर, तेव्हा पोचवायला आप्पाच. मिरी निमूट आली, पण शेजारून, हाताला हात न लावता. फाटकाशी रडारड चालली होती, आया पोरांना सोडवत होत्या आणि पोरं आयांना सोडत नव्हती. शिपाई ओरडून सांगत होता की पालकांनी थांबू नये. मिरी फाटकातून आत गेली. चार पावलांवर थांबली, वळली आणि परत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने आप्पांचं बोट धरलं, त्यांना भिंतीलगत नेलं आणि तिथे उभं केलं.

"तू इथेच उभा राहा," ती म्हणाली. "हलायचं नाही. मी न्यायला येते."

"मिरी, शाळा सुटायच्या वेळी मी—"

"नाही. इथेच."

आप्पा म्हणाले, बरं. ती आत गेली, मागे न बघता.

फाटक बंद झालं. शिपायाने आधी हाताने खूण केली, मग जवळ येऊन सांगितलं, आजोबा, शाळा सुटायला वेळ आहे, घरी जा. आप्पा म्हणाले, मला हलायला परवानगी नाही. शिपायाने विचारलं, कुणाची? आप्पांनी आतल्या वर्गाकडे बोट दाखवलं. हेडमास्तर भाजी घेऊन जाता जाता थांबले आणि याने मूल परावलंबी होतं असं समजावून गेले. सेक्रेटरींनी स्कूटर थांबवून विचारलं, काही लागलं का. भिंतीची सावली सरकत सरकत गेली आणि आप्पा उन्हात आले. दोन पावलं डावीकडे झाड होतं. शिपायाने स्वतःचं स्टूल आणून झाडाखाली ठेवलं आणि बोलावलं. आप्पांनी मान हलवली. मग बराच वेळ त्यांच्याकडे बघून शिपायाने स्टूल उचललं आणि ते आहेत तिथेच, उन्हात, आणून ठेवलं.

शाळा सुटली. पोरांच्या घोळक्यातून मिरी बाहेर आली. आईबापांच्या गर्दीकडे तिने पाहिलंही नाही, तिने आधी भिंतीकडे बघितलं. आप्पा उठून उभे राहिले. ती सरळ त्यांच्यापाशी आली, त्यांचं बोट धरलं आणि म्हणाली, "चल."